नक्षीचा वाफा

रत्नागिरीत एका वकीलसाहेबांच्या बंगल्यावर काशीराम बागकाम करी. १९३१च्या पावसाळ्यात त्याने फाटकासमोर गोल वाफा केला. मधोमध काळ्या देठाचं अळू, भोवती पिवळ्या फुलांची भेंडी आणि कडेने लाल माठ. सगळं सुतळी ताणून, अंतर मोजून लावलेलं. रस्त्यावरून जाणारा क्षणभर थांबून बघे, आणि काशीरामला तेवढंच पुरे.

गणेशचतुर्थीच्या दुपारी त्याची थोरली बहीण गोदा टोपली घेऊन आली. आईमागे तिनेच त्याला वाढवलं होतं. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बायका बैलाच्या कष्टाचं खात नाहीत. हाताने खणलेल्या मातीतलीच भाजी लागते. गोदाचं परसू यंदा पाण्याने धुऊन नेलं होतं, आणि या वाफ्यात काशीरामच्या कुदळीखेरीज काही फिरलं नव्हतं.

"चार अळवाचे देठ दे, नि मूठभर माठ."

"आज नको गो बाय. उद्या साहेबांकडे गणपतीला पावणे यायचेत. मधेच भोक पडलं तर नक्षी जाईल."

"नक्षी? मेल्या, भाजीच ना ती?"

"पावणे गेले की सगळी तुझीच."

"बरं. ऋषींना सांगते, परवा जेवायला या!"

ती हसली खरी, पण टोपली रिकामीच घेऊन गेली.

पंचमीला पाहुणे आले. एकाने वाफ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही झाडं कुठली?"

"विलायती," साहेब म्हणाले. "बी मुद्दाम मागवलं."

पाहुणे मान डोलावून आत गेले. काशीराम तिथेच उभा होता.

पाहुणे परतताच त्याने अर्धा वाफा कापला आणि गोदाचं घर गाठलं. ऊन कललं होतं. नुसत्या वरीच्या भातावर जेवून ती भांडी घासत होती.

"ठेव तिथे," ती म्हणाली. "शेजारणीला देईन."

चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढच्या वर्षी आधीच टोपली पोचवायची, असं त्याने ठरवलं. पण ज्येष्ठातच गोदा तापाने गेली. तरीही त्याने वाफा लावला आणि चतुर्थीला, साहेबांना न विचारता, आळीतल्या बायकांना हाक मारली, "न्या, हवी तेवढी."

"मोठ्या मनाचा हो काशीराम!" त्यांतली राही म्हणाली.

काशीरामने मान वर केली नाही. तो माठ कापत राहिला.