राखेनं घासलेले रुपये

आमच्या घरी जुनी नाणी घेऊन माणसं यायची. वडील नगरच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होते, पण गावोगावी त्यांची ओळख नाण्यांमुळेच जास्त. कुणाला नांगरताना काही सापडलं, कुणाच्या जुन्या पेटीत निघालं, की रविवारी सकाळी आमच्या ओट्यावर माणूस हजर. वडील भिंग घेऊन दाराशी बसत, कारण त्यांना तिरका उजेड लागे. मी तेव्हा कॉलेजात होते. त्यांच्या शेजारी बसून बघायची मला सवयच लागली होती.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "घासलंय का?"

लोकांना वाटायचं, लख्ख करून नेलं तर किंमत जास्त येईल. कुणी चिंच लावायचं, कुणी राख, कुणी सोनाराकडून तेजाबात बुडवून आणायचं. वडील हळहळायचे. चांदीवर वर्षानुवर्षं जी काळसर साय धरते तिला ते नाण्याची कातडी म्हणत. ती सोलली की उरते ती नुसती चांदी, मोडीच्या भावाची. घासलेलं नाणं ओळखायला मलाही त्यांनी शिकवलं होतं. उजेडात तिरकं धरलं की बारीक ओरखडे सगळे एकाच बाजूला वाहताना दिसतात, आणि अक्षरांच्या बेचक्यात घासायच्या राखेचा एखादा कण अडकून राहिलेला असतो.

बहात्तरच्या दुष्काळात शेवगावच्या पलीकडच्या एका गावातून एक शेतकरी आला. मध्यम वयाचा, अंगानं उंच, बोलायला सावकाश. त्याची विहीर आटली होती. तळाचा गाळ काढताना एक पितळी तांब्या लागला, आणि तांब्यात राणीछाप रुपये होते. त्यातला एक त्याने टोपीच्या घडीत आणला होता.

वडिलांनी तो दोन बोटांत कडेनं धरला. रुपया काळाभोर होता, पण त्या काळ्यात निळी-जांभळी झाक होती. राणीच्या केसांची बट न् बट दिसत होती.

"बाकीचे असेच आहेत?"

"समदे असेच. काळेकुट्ट."

"घरी सांगा, कुणी हात लावायचा नाही. पुसायचेसुद्धा नाहीत. हा एक माझ्यापाशी राहू द्या, मी येत्या रविवारी येतो."

रविवारी मी त्यांच्याबरोबर गेले. एस.टी.नं शेवगाव, आणि तिथून पुढे शेतकऱ्याच्या बैलगाडीतून. रस्त्यानं कुठं हिरवं पान नव्हतं. गावातली बहुतेक माणसं खडी फोडायच्या कामावर गेलेली, त्यामुळे भर दुपारी गल्ली इतकी सामसूम होती की आमच्या गाडीची चाकं मलाच मोठ्यानं वाजल्यासारखी वाटत होती. गावाबाहेर त्याची विहीर लागली. पायऱ्यांची, जुनी. मी वाकून पाहिलं. तळाचा गाळ वाळून भेगाळला होता. शेतकरी म्हणाला, "ताई, बघू नका तिथं," आणि बैल हाकले.

घरात त्याची म्हातारी आई भिंतीला टेकून बसली होती. त्याची बायको आम्हांला पाणी देऊन पदर सावरत आत गेली. शेतकऱ्यानं तांब्या ज्वारीच्या कणगीत ठेवला होता आणि कणगीचं तोंड शेणामातीनं लिंपून टाकलं होतं. ते त्याने आमच्यासमोर फोडलं. लिंपण वाळून खडखडीत झालं होतं. ज्वारीत हात घालून त्याने तांब्या काढला आणि घोंगडीवर उपडा केला.

रुपये पांढरेशुभ्र होते. दारातून आलेल्या उन्हात त्यांच्याकडे बघवेना.

शेतकऱ्याचा चेहरा उतरला. त्याने एक उचलला, उलटा केला, खाली टाकला, दुसरा उचलला.

"डाक्टर, आईची आण. मी काळे ठिवले हुते."

वडिलांनी भिंग काढलं. बरोबर आणलेला काळा रुपया त्यांनी घोंगडीवर मध्ये ठेवला आणि त्याच्याशेजारी पांढरा. काळ्यावर राणी जिवंत वाटत होती. पांढऱ्यावर तिचं नाक झिजून गालात गेलं होतं, डोळ्याच्या जागी नुसता खळगा. एकेक करून वडिलांनी सगळे पाहिले. प्रत्येकावर राणीचा चेहरा असाच पुसलेला. मला त्या चेहऱ्यांकडे पाहताना मानेवर कुणीतरी श्वास सोडतंय असं वाटायला लागलं.

"हे हातानं घासलेत," वडील म्हणाले. "राखेनं. आणि खूप वेळ घासलेत."

"कुणी घासले? कनगी तर बंद हुती."

भिंतीकडून म्हातारी बोलली, "तिलाच लागायचं समदं लख्ख. तांब्या बी तिचाच हाय, आतले रुपये बी."

"आये, गप," शेतकरी म्हणाला.

वडिलांनी 'ती कोण' असं विचारलं. शेतकऱ्यानं तेवढ्यात आत चहा सांगितला, आणि मी हातभार लावायला म्हणून आत गेले. खरं तर मला त्या घोंगडीपासून उठायचं होतं.

चुलीपाशी त्याची बायको बसली होती. माझ्याहून फार तर पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. फळीवरची पितळी भांडी अशी चकाकत होती की त्या अंधाऱ्या खोलीत तीच उजेड देत असावीत. प्यायच्या पाण्याची मारामार तिथं, आणि भांडी अशी. तिच्या गळ्यात मंगळसूत्राबरोबर काळ्या दोऱ्यात एक चांदीचा टाक होता. दुसरेपणाची बायको पहिलीच्या नावाचा टाक गळ्यात घालते, तिची बाधा होऊ नये म्हणून. त्यावर बाईची आकृती उठवलेली असते. या टाकावर काहीच नव्हतं. तो आरशासारखा सपाट झाला होता.

माझी नजर तिला कळली.

"थोरली," ती म्हणाली. "हिरीवर भांडी घासायला गेल्ती. तिथंच गेली."

"पाय घसरला?"

"तसं म्हनत्यात. तिला डाग खपायचा न्हाई. हात फुटेस्तवर घासायची म्हनं."

बाहेर शेतकऱ्याचा आवाज चढला होता. घरातल्याच कुणाचं तरी हे काम आहे, आज छडा लावतो, असं काहीतरी तो बोलत होता. ती ऐकत होती. मी हळूच विचारलं, "वहिनी, रुपये तुम्ही घासलेत का?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ताई, खरं सांगू? मला ठावं न्हाई. दुपारची माजी झोप अशी लागती, जनू कुनी वरून दाबून धरलंय. उठते तवा हात असे असत्यात."

तिनं तळवे पुढे केले. कातडी चिरली होती आणि प्रत्येक चिरेत राख बसली होती.

"हात माजेच हायेत," ती म्हणाली. "पर घासल्याचं मला आठवत न्हाई."

मला त्या घरात लिंपायचं काम कोण करत असेल, असा विचार आला. कणगी उघडून पुन्हा लिंपणारी तीच असणार. हे सरळ होतं. तरी तिच्या तोंडाकडे पाहताना ते सरळ वाटेना. ती लपवत नव्हती. ती मला विचारत होती.

चहा तीच बाहेर घेऊन गेली. वडिलांसमोर कपबशी धरताना तिचे तळवे उघडे पडले. वडिलांनी पाहिलं. कंपाउंडरची नजर, ती आधी जखमेवर जाते. मग त्यांनी घोंगडीवरच्या रुपयांकडे पाहिलं, मग शेतकऱ्याकडे. त्याच्या हाताच्या मुठी वळलेल्या होत्या.

वडिलांनी चहा संपवला आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

"माझी चूक झाली," ते म्हणाले. "हे हातानं घासलेले नाहीत. विहिरीच्या वाळूनं झिजलेत. वरचा एक तेवढा काळा राहिला, तो तुम्ही मला आणून दाखवलात. बाकीच्यांवर नुसता गाळ होता. ज्वारीत कोरडा होऊन तो गळून पडला."

"आन् मला काळे दिसले ते?"

"ओला गाळ काळाच दिसतो."

शेतकरी विचारात पडला. मुठी सुटल्या. "मंग याची किंमत?"

"चांदीची. काळ्याला चांगली येईल, तो जपा."

नाण्याबद्दल खोटं बोलताना मी वडिलांना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. मोठमोठ्या माणसांना त्यांनी तोंडावर खोटं नाणं खोटं म्हणून सांगितलं होतं. निघताना ते शेतकऱ्याला म्हणाले, "यांचे हात दवाखान्यात दाखवायला आणा. असे ठेवले तर पिकतील." चुलीपाशी ऐकलेलं मी एस.टी.त त्यांना सांगितलं नाही.

महिन्याभरानं शेतकरी तिला घेऊन नगरला आला. रुपये त्याने सोनाराला विकून टाकले होते, त्यांच्याबरोबर काळाही. तांब्यासुद्धा मोडीत दिला होता. मी त्या दिवशी वडिलांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले होते. वडिलांनी तिचे हात धुतले, मलम लावलं, बोटांसकट पट्टी बांधली आणि शेतकऱ्याला बजावलं, "पाणी नाही, राख नाही. भांडी आईला घासू द्या."

पट्टी बदलायला ती परत आली, तेव्हाही मी तिथं होते; जखमा भरत आल्या होत्या. शेतकरी बाहेर विडी ओढायला थांबला होता. वडिलांनी विचारलं, "झोप लागते का?"

"लागती. आता हलकी लागती." मग ती माझ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच हसू पाहिलं. "ताई, माज्या हाताला पट्ट्या. सासूबाईला उठवत न्हाई, ती भांड्याला हात लावत न्हाई. घरात तिसरी बाई न्हाई."

"मग?"

"तरी दुपारी उठून बघते तर समदी भांडी लख्ख."

वडिलांचे हात गाठ मारता मारता थांबले.

"म्हंजे मी न्हवते," ती म्हणाली. एखाद्याच्या डोक्यावरचं ओझं उतरावं तसा तिचा आवाज मोकळा झाला होता.

वडिलांनी गाठ पक्की केली आणि आठ दिवसांनी परत यायला सांगितलं. ती आली नाही. हात बरे झाले असावेत. त्या गावाकडचं कुणी दवाखान्यात आलं की वडील तिची चौकशी करायचे. ती बरी आहे, तिला मुलगी झाली, एवढं कळलं. घरातल्या भांड्यांबद्दल मात्र त्यांनी कुणालाच विचारलं नाही.