माने सरांची सळई

माने सर डाव्या हाताने जेवायचे. उजवा हात मशीनचा. तेलकट बोट लागलं की दांडा निसटतो आणि आकडा चुकतो, असं त्यांचं म्हणणं. सोलापूरच्या आमच्या कॉलेजात, गणिताच्या खोलीत, हाताने फिरवायचं गणकयंत्र होतं. त्याच्यापुढे बसून ते डाव्या हाताने शेंगाचटणी-भाकरी खात आणि उजव्याने दांडा फिरवत. सरांच्या पत्नीला, आमच्या काकूंना, हे अजिबात खपत नसे.

सर मोहोळकडचे. चाळिशी उलटल्यावर पीएच.डी.ला नाव घातलेलं. तापवलेल्या सळईतली उष्णता कशी पसरत जाते, ते स्वतः बसवलेल्या रीतीने क्षणाक्षणाची एकेक ओळ मांडत काढायचं, हा विषय. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढे त्याच विभागात नोकरीला लागलेली. तेच गणित मी वेगळ्या वहीत करायची आणि संध्याकाळी आम्ही दोन्ही वह्या ताडून बघायचो.

चाळीस ओळींपर्यंत सगळं सुरळीत. मग आकडे बिथरायचे. सळई एका जागी भट्टीसारखी, तर बोटभर पुढे बर्फाहून गार. शिवाय माझी वही त्यांच्या वहीशी जुळायची नाही.

"रीत बरोबर हाय पोरी. हात चुकतोय कुटंतरी. पुन्ना धर," सर म्हणायचे. ते रागावत नसत, पण चुकणारा हात माझाच, हे मी मनोमन धरून चालले होते.

एका दिवाळीच्या सुट्टीत मी वैतागून दोन ओळींमधला वेळच निम्मा केला. ओळी दुप्पट झाल्या, पण आकडे शहाण्यासारखे वागले. म्हणजे चूक हातात नव्हती, रीतीत होती. ते कागद मी खणात ठेवून दिले. सरांच्या रीतीला नावं ठेवणारी मी कोण?

दोन वर्षांनी पुण्यातल्या एका कॉम्प्युटरवर त्यांना थोडा वेळ मिळाला. परत आले ते थेट खोलीत येऊन बसले.

"कॉम्प्युटरचंबी तसंच बिघडलं," म्हणाले.

मी खणातले कागद पुढे ठेवले. ते बराच वेळ वाचत राहिले.

"कवाचं हे?"

"दोन वर्षं झाली."

"मग बोलली का न्हाईस?"

"हात चुकला म्हणाला असतात, सर."

"व्हय," ते म्हणाले. "तसंच म्हणालो असतो की."

ते चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळ निम्मा धरून पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात, गणित अर्ध्यावर असताना, हृदयविकाराने ते गेले.

उरलेल्या ओळी मी पुऱ्या केल्या. शेवटपर्यंत एकही आकडा बिथरला नाही. वह्या घेऊन सरांच्या घरी गेले, तेव्हा काकू त्यांच्या पानांवरून हात फिरवू लागल्या.

"बाई, त्यांचं बरोबर आलं का वो?"

"आलं, काकू."

"मग इतकी वर्सं कशापायी लागली?"

त्यातली दोन वर्षं माझ्यापायी गेली, हे सांगायचं धैर्य मला तेव्हा झालं नाही. पुढे काकूही गेल्या.