ठणठणीत

पंप बनवायचा कारखाना बंद पडला आणि माझा थोरला भाऊ घरी बसला, त्याला सहा वर्षं झाली होती. वहिनी कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची, दादा घर सांभाळायचा. तरी रोज आठच्या ठोक्याला दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून तो दारात खुर्ची टाकायचा. मी त्याला 'कलेक्टरसाहेब' म्हणायचो. तोही हसायचा. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

गेल्या वर्षी रोजगार कार्यालयाने जुन्या बेकारांची तपासणी ठेवली. डॉक्टर लिहितील त्यावर ठरणार होतं, बसून करायचं काम मिळणार की गोदामातली हमाली. दादाची कंबर कामातून गेली होती. पँट घालताना तो भिंतीला टेकायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आदल्या संध्याकाळी त्याने वहिनीला विचारलं, "गुडघ्याचंही सांगू का गं?" आणि माझं डोकं सणकलं.

"सगळं सांग," मी म्हणालो, "म्हणजे जन्मभर घरी बसायची सोय होईल."

दादा उठून उद्याच्या शर्टाला इस्त्री करायला लागला. वहिनीने माझ्याकडे नुसतं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, तसा दादा ताठ उभा राहिला. "ठणठणीत आहे, साहेब." कारखान्यात वीस वर्षं दर तपासणीला सगळे हेच सांगायचे, दुखतं म्हणेल त्याचा ओव्हरटाइम जायचा. वर कोणी न सांगता त्याने वाकून बुटांना हात लावून दाखवला. उठताना त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. डॉक्टर खाली मान घालून लिहीत होते. मी शेजारीच होतो, तोंड उघडायचा अवकाश होता. उघडलं नाही. उलट चारचौघांत भावाने रडगाणं गायलं नाही, म्हणून मला बरंच वाटलं.

गोदामात तो नऊ दिवस टिकला. दहाव्या दिवशी खोकं उचलायला वाकला आणि त्याला सरळच होता येईना. दोघांनी धरून घरी आणला. आता कुशीवर वळायलाही वहिनी लागते.

परवा धीर करून म्हणालो, "दादा, चुकलं माझं. त्या दिवशी मी तसं बोलायला नको होतं."

"वेडा आहेस," तो म्हणाला. "तू बोललास म्हणून तर नऊ दिवस कामावर गेलो."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. शिव्या घातल्या असत्या, तर निदान मी सुटलो असतो.