आपांची पाच बटनांची गिटार
“हात काढा! पहिले हात काढा, मंग बोला.”

कॉम्प्युटर लॅबमध्ये येणाऱ्या प्रत्येकाचं आपा असंच स्वागत करायच्या. विद्यार्थी असो, प्राध्यापक असो, की बंद पडलेला प्रिंटर उचलून नेणारा माझ्यासारखा ऑफिसातला क्लार्क असो. बायका ओढणीला चाव्या बांधतात, तसा त्यांच्या ओढणीला छोटा स्क्रूड्रायव्हर बांधलेला असायचा.

अंबडच्या आमच्या कॉलेजात त्या लॅब असिस्टंट होत्या. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक महिना घरी, की पुन्हा अकरा महिन्यांची ऑर्डर. अशी नऊ वर्षं. वय चाळिशीला आलेलं, घरी फक्त म्हातारी अम्मी. तुमच्याही ओळखीच्या एखाद्या कॉलेजात अशी बाई असेल बघा. तिच्यावाचून काही चालू होत नाही आणि तिचं नाव कुठल्या पाटीवर नसतं.

एकदा एका प्राध्यापकांनी कीबोर्डवर चहा सांडला. आपांनी सगळी बटनं उपटली, धुतली आणि ताटलीत घालून त्यांच्याच हातात दिली. “घ्या, बराबर जागेवर बसवा. एबीसीडी तर येते ना?”

एका दुपारी त्यांनी मला मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. पडद्यावरून रंगीत ठिपके खाली येत होते आणि एक माणूस गिटारसारखं यंत्र गळ्यात अडकवून खेळत होता. ज्या रंगाचा ठिपका, ते बटन दाबायचं आणि दुसऱ्या हातानं पट्टी छेडायची. चुकलं की गाणं तुटतं.

“हे मी बनवून राह्यले,” आपा म्हणाल्या.

“कोणासाठी?”

“कोणासाठी म्हणजे? माझ्यासाठी! बाईनं खेळू न्हाई का?”



दोन महिने त्या डबा खायच्या सुट्टीत बनवत होत्या. भंगारात पडलेल्या टेबलाची प्लायवूड कापून गिटारचं अंग केलं, खिडकीच्या जुन्या चौकटीचा दांडा लावला. दांड्यावर दारावरच्या बेलची पाच बटनं, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचं नेलपॉलिश. छेडायची पट्टी म्हणजे बिजागरी, तिच्याखाली बॉलपेनच्या स्प्रिंगा आणि जुन्या माऊसमधले टिकटिकणारे स्विच. आत बटनं मेलेल्या कीबोर्डचा छोटा बोर्ड. टेबल सोडलं, तर सगळं सामान त्यांच्या घरचं.

“साधं आहे, भाऊसाहेब. कॉम्प्युटरला वाटून राह्यलं, मी कीबोर्डच दाबून राह्यले. त्याला काय माहीत, माझ्या गळ्यात काय आहे!”

गिटार चालू झाली त्या दिवशी त्यांनी उभ्यानं एक अख्खं गाणं वाजवलं. दोनदा चुकल्या, स्वतःलाच “हट्!” म्हणाल्या. पोरापोरींनी टाळ्या वाजवल्या. नऊ वर्षांत आपांना तोंडावर हात न धरता हसताना मी तेवढंच पाहिलं.

महिन्याभरात कॉलेजात जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन आलं. विभागप्रमुख माझ्या टेबलापाशी आले. गिटारपुढे ठेवायचं कार्ड हवं होतं: ‘संकल्पना व निर्मिती’, आणि खाली त्यांचं स्वतःचं नाव.

“आणि आपांचं, सर?”

“त्या कायम स्टाफमध्ये येत नाहीत, भाऊसाहेब. तुम्ही टाईप करा.”

मी टाईप केलं. वर विचारलंही, अक्षर ठळक करू का. आजही त्या आठवणीनं माझं डोकं तापतं, आणि सरांवर तापतं त्याच्या दुप्पट स्वतःवर.

प्रदर्शनाच्या सकाळी आपा माझ्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. हातात कार्ड.

“हे तुम्ही छापलं?”

“सरांनी सांगितलं म्हणून...”

“मी काय विचारून राह्यले?”

“हो. मी छापलं.”

त्यांनी कार्ड फाडलं नाही. जिथून उचललं होतं तिथं नेऊन ठेवलं. मग त्यांना चहाच्या टेबलापाशी उभं केलं गेलं.

पाहुणे आले. सर गिटार गळ्यात घालून बोलत होते, ‘सर्किट’, ‘नवनिर्मिती’. पाहुणे म्हणाले, वाजवून दाखवा. सरांनी लाल बटन दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, मग ठोकलं. हॉलमधली पोरं खुसखुसायला लागली.

“आपा, जरा बघा हो!”

चहाची किटली खाली ठेवून आपा शांतपणे आल्या. ओढणीचा स्क्रूड्रायव्हर सोडला, गिटारचं मागचं झाकण उघडलं. सुटलेली वायर मलाही लांबून दिसली.

“सर, ही लाल वायर कुठं लागते?”

सर हसले. “अहो, तुम्ही लावा ना.”

“तुम्ही बनवलं ना? तुम्हीच सांगा.”

सर पाहुण्यांकडे बघत राहिले. आपांनी पाच बटनं काढली. बिजागरी काढली. दांडा काढला, आतला बोर्ड वायरींसकट उचलला. सगळं ओढणीत बांधलं आणि उरलेली प्लायवूड सरांच्या हातात दिली.

“लाकूड कॉलेजच्या टेबलाचं आहे, ते ठेवा. बाकी सामान माझं.”

बाराव्या महिन्यानंतर त्यांची ऑर्डर निघाली नाही. कारण कुणी लिहिलं नाही, त्यामुळे मला टाईपही करावं लागलं नाही. लॅबमधले निम्मे कॉम्प्युटर आता बंद, कापड टाकून ठेवलेत.

अनुभवाचा दाखला मात्र मी टाईप केला. त्यात एक ओळ घातली: गिटारच्या आकाराचा गेम कंट्रोलर यांनी स्वतः तयार केला. प्राचार्यांनी ती ओळ लाल पेनानं खोडली. मी दुसरी प्रत काढली, ओळीसकट, आणि बिनसहीची तशीच आपांच्या घरी घेऊन गेलो. घरात बांधाबांध चालली होती. जालन्याला एका दुरुस्तीच्या दुकानात काम मिळालं होतं, दुसऱ्या दिवशी अम्मीला घेऊन निघायचं होतं.

आपांनी दारातच कागद वाचला. “सही?”

“देत नाहीत.”

मी खिशातला पेन काढला आणि खाली माझी सही केली. क्लार्कच्या सहीला कोण विचारतं? पण केली.

“ही त्या दिवशी पाहिजे होती, भाऊसाहेब.”

त्यांनी कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती.

“चालंल. नकाशा काढायला कागदच नव्हता. आता सात बटनांची बनवायची.”

माझ्या हातातला पेन घेऊन, दाराच्या चौकटीवर कागद टेकवून त्या उभ्यानंच बटनांचे गोल काढायला लागल्या. मला जा म्हणाल्या नाहीत, बसाही म्हणाल्या नाहीत.