गिलक्याच्या भज्यांचं पथ्य

शिरपुरात बैलांच्या शर्यतीची छकडी हाकावी ती भटूनं, असा एक काळ होता. मोहनलालशेठची जोडी आणि वर भटू, म्हणजे शंकरपटात बाकीच्यांनी धूळ खायची. पण चाळिशी लागली आणि भटूच्या आधी त्याचं पोट छकडीत चढू लागलं. शेठनं बजावलं, "भटू, माझे बैल आहेत, आगगाडीचं इंजिन नाही. पटाआधी आपल्या कापसाच्या जिनच्या काट्यावर बस. वजन उतरलं तर तू, नाही तर आपला दुसरा गडी मगन."

भटू घाबरून वैद्यनानांकडे धावला. नाना म्हणाले, "जड खाणं सोड. गिलकी खा. नुसतं पाणी असतं त्यात, पोटाला हलकी."

भटू पथ्याला पक्का. परसातल्या वेलावरचं गिलकं, म्हणजे घोसाळं, आणून तो बायकोला द्यायचा. "पातळ चकत्या कर व, वैद्याचं औषध शे!" तानुबाई चकत्या डाळीच्या पिठात बुडवून घाण्याच्या शेंगतेलात सोडी, आणि भटू ताटलीभर औषध रिचवून बोटं चाटी.

"भाकर वाढू?"

"छे! जड शे ती."

भाकर सोडल्याचा गर्व एवढा, की येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगे. आम्ही शेजारी कशाला अडवू? एक ताटली आमच्याकडेही यायची.

ठरल्या दिवशी भटू काट्याच्या पारड्यात बसला. हमालानं समोर वजनं टाकली, आणखी टाकली, आणि शेठच्या तोंडाकडे पाहिलं.

"पथ्य मोडलंस?" वजन बघायला आलेले नाना कडाडले.

"नाही नाना. रोज गिलकीच खाल्ली."

"कशी?"

"भजी करून. कच्ची कशी खाऊ?"

नानांनी कपाळाला हात लावला. "अरे, वाळल्या गिलक्यानं पाठ घासतोस, तेव्हा ते पाणी कसं पितं? तसं कढईत तेल प्यायलं. वरून पिठानंही प्यायलं. आणि ते सगळं तू!"

जिनभर हशा पिकला. त्यात भटूचा आवाज सगळ्यांत मोठा. "म्हणजे मी माणूस नाही नाना, तेलाचा बुधला शे!"

शेठ विरघळला. "यंदा तूच बस छकडीत. जोडीला तुझ्याच आवाजाची सवय."

भटूनं जिनच्या दारात बांधलेल्या बैलाच्या खांद्यावर, जू घासतं तिथं हात फिरवला. हसू ओसरलं. "नको शेठ. भजी मी खाल्ली, ओझं यांनी काय म्हणून ओढावं?" कासरा त्यानं मगनच्या हातात दिला.

पटात जोडी दुसरी आली. मगन हळहळला, "भटूभाऊ, तू रहता तर पहिली येती."

"येती ना," भटू म्हणाला, "शेवटून."