चूलबंद आवतन

आवतनभाऊ कोणाच्याही अंगणाबाहेर उभं राहून आधी खाकरायचे, आणि नुसत्या खाकरण्यावरून बाया ओळखायच्या की जेवण बारशाचं, लग्नाचं की तेरवीचं. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावात कार्य कोणाचंही असो, जेवणाचं आवतन घरोघरी द्यायचे तेच.

मी तेव्हा कॉलेज सोडून नुकतीच चळवळीत शिरले होते. गावचा मासेमारीचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात चालला होता. तो वाचवायला ग्रामसभेचा ठराव हवा. मी पत्रकं छापली: ‘सर्व बंधू-भगिनींना जाहीर निमंत्रण!’ आली सात माणसं, त्यातली दोन सावलीला. कोरम नाही म्हणून सभा तहकूब.

“हा समाज झोपलेला आहे,” मी भाऊंवरच तडकले.

“झोपला नाई पोरी, वाट पाहून राह्यला. सकाळी आवतन, अन् पानं मांडली का बलावणं. दोनदा गेल्याबिगर आपल्याकडं कोणी उठते काय? तू तं एकदाबी नाई गेली. कागद गेला.”

आवतन म्हणजे मूळचं संस्कृत आमंत्रणच, झिजत झिजत इथवर आलेलं, असं मी त्यांना सुनावलं.

“असन. दारोदार फिरून झिजलं असन,” ते म्हणाले. “तुमचं कोरं हाय, कारण ते कुठी जातच नाई.”

पुढच्या सभेचं सांगणं त्यांनी अंगावर घेतलं. सकाळी एक फेरी, दुपारी दुसरी. अख्खं गाव लोटलं, म्हातारे, तान्ही लेकरं, आणि हरेकाच्या हातात पाण्याचा तांब्या. एकाही घरी चूल पेटली नव्हती. भाऊंनी जन्मभराच्या सवयीनं ‘चूलबंद’ सांगितलं होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, पाण्याचा तांब्या आपापला.

“जेवण कुठी हाय?” पुढंच बसलेल्या म्हाताऱ्या सखूबाईंनी विचारलं.

“आधी हात वर करा,” भाऊ म्हणाले, “मंग धुवा.”

ठराव एकमतानं झाला. मग शिव्या देत देत घरोघरचा तांदूळ आला आणि तलावातले मासे. असा कोरम मी पुन्हा पाहिला नाही.

गेल्या वर्षी भाऊ गेले. तेरवीची पत्रं मुलानं छापून वाटली. भात शिजला, पानं मांडली, मांडव रिकामा. गाव आपापल्या ओसरीत तांब्या घेऊन बसलेलं. बलावणारा माणूसच गेला होता.

मी उठले. सखूबाईंच्या अंगणाबाहेर उभी राहून खाकरले.

“खाकरणं नाई जमत हिले,” आतून आवाज आला. “पण चाला. बलावणं आलं.”