सायबाचं सुतक

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण कुणाचं असेल, तर ते सरोजाक्कांचं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबायची, तिच्या जोरावर मी बेळगावात समाजकार्याची पदवी घेतली. पण माणसापुढे बसायचं कसं, हे मला निपाणीतल्या दोन खोल्यांच्या समुपदेशन केंद्रात आक्कांनी शिकवलं.

दुःखाच्या घरी गेल्यावर आक्का "काय झालं?" असं कधी विचारत नसत. उंबऱ्याशी टेकायच्या आणि म्हणायच्या, "नाव काय हुतं?" मग गप्प. उत्तराला अर्धा तास लागला तरी त्या जागच्या हलत नसत. "रडनाऱ्याला गप बस म्हनू नये रं," त्या मला सांगत, "गप बसल्यालं मानूस हत्यार हुडकतंय."

हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं होतं. त्याचा अर्थ भरमूच्या घरी कळला.

भरमूची बायको रेखावहिनी एका सकाळी केंद्रात आली ती धापा टाकतच. भरमूच्या कुत्र्यानं धाकट्या भावाच्या, मल्लूच्या, दोन कोंबड्या मारल्या होत्या. मल्लूनं कुत्र्याला गोठ्यातल्या खांबाला बांधलं आणि पहारीनं ठेचून मारलं. भरमू उसाच्या तोडीवरून परत आला तेव्हा कुत्रं दोरीला लोंबकळत होतं. त्यानं खोऱ्याच्या दांड्यानं भावाचा हात दोन जागी मोडला. मल्लू बोरगावला सासुरवाडीत पळाला.

"तीन दिस झालं, जेवला न्हाय, बोलला न्हाय," वहिनी म्हणाली. "नुसता कोयत्याला धार लावत बसतोय. बोरगावला जानार हाय त्यो, आक्का. भावाला तोडनार हाय."

आक्कांनी मल्लूला बोरगावातच राहायचा निरोप धाडला, पोलीस चौकीत कानावर घातलं. आक्का चौकीत असतानाच मी माझी अक्कल चालवली. मामाच्या मळ्यातलं एक गोंडस पिल्लू पिशवीत घातलं आणि एकटाच भरमूच्या दारात उभा राहिलो. म्हणालो, "दादा, कुत्रं तर गेलंच. हे घ्या, त्याच्यापेक्षा चांगल्या जातीचं आहे."

भरमूनं पिल्लाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पुढच्या क्षणी कोयता माझ्या कानापासून वीतभर अंतरावर चौकटीत रुतला. लाकडाची ढलपी गालात घुसली. मी पिशवी छातीशी धरून गल्लीच्या तोंडापर्यंत पळालो. मागून त्याचा आवाज येत होता. तीन दिवसांत तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि काय बोलत होता ते इथं लिहिता येणार नाही.

केंद्रात आक्कांनी माझ्या गालावरचं रक्त पुसलं. मला वाटलं, मायेनं काही म्हणतील.

"उद्या तुझा बा मेला, तर तुझ्या आईला दुसरा नवरा पिशवीत घालून न्हेशील व्हय रं?"

मी पिशवीतलं पिल्लू जमिनीवर सोडलं.

"पदवीधर!" त्या म्हणाल्या आणि उठून स्टोव्ह पेटवला. पिठलं केलं, चार भाकऱ्या थापल्या, फडक्यात बांधल्या. आमच्याकडे घरात कुणी गेलं की त्या घरची चूल पेटत नाही, शेजारपाजारचे भाकरी नेऊन देतात. कुत्र्यासाठी तशी भाकरी नेलेली मी पाहिली नव्हती, गावानंही पाहिली नव्हती.

गल्लीच्या कट्ट्यावरच्या एकानं विचारलंच, "काय आक्का, कुत्र्याचं सुतक धरलासा?"

"व्हय. तुझ्या घरात कोन मेलं की सांग, तितंबी येतो."

आक्का भरमूच्या उंबऱ्यावर टेकल्या. कोयता पुन्हा त्याच्या मांडीवर होता.

"नाव काय हुतं त्याचं?"

बराच वेळ धारेच्या दगडाचा आवाज तेवढा येत राहिला. मग तो थांबला.

"सायब."

"आसं कसं गा नाव?"

"शिळी भाकरी खाईत न्हवता," भरमू म्हणाला. "ताजी दिली तरच. म्हनून सायब."

एवढं बोलला आणि त्याला जणू आतून कुणीतरी फाडलं. तो गुरासारखा ओरडला आणि कपाळ खांबावर आपटू लागला. रक्त आलं तरी थांबेना. मी धरायला धावलो, तोवर आक्का पोचल्या होत्या. त्यांनी त्याला अडवलं नाही. आपला पंजा त्याच्या कपाळाच्या आणि खांबाच्या मधे धरला. पुढचे सगळे तडाखे त्यांच्या हातावर बसले. बोटं सुजून काळी पडली. हात आपटतोय हे ध्यानात आलं तसा भरमू थांबला आणि त्याच हातावर डोकं टेकून रडला. आक्कांनी दुसऱ्या हातानं त्याला पिठल्याचा घास भरवला.

परतताना त्या म्हणाल्या, "बारा दिस रोज कुनीतरी भाकरी न्ह्याची. शेवटची मल्लूनं. कोयत्याच्या जागी मानसाला भाकरी फेकून माराय तर मिळाली पायजे."

पाचव्या दिवशी आक्कांच्या छातीत कळ आली आणि त्यांना बेळगावच्या इस्पितळात हलवलं. उरलेले दिवस मी निभावले. त्यांना कामाचा अहवाल हातानं लिहिलेलाच लागे. "फोनवर गोड बोलता येतंय, लिवताना हात आडतो," असं त्यांचं म्हणणं. म्हणून मी पत्र पाठवलं. त्या पुन्हा कामावर आल्या नाहीत. त्या गेल्यावर त्यांच्या मुलीनं ते पत्र मला परत दिलं, उशीखाली सापडलं म्हणाली. ते असं होतं:

ती. आक्का यांस सा. न.

आज बारावा दिवस. मल्लूला आणायला बोरगावला गेलो. वाटेत तो दोनदा माझ्या गाडीवरून उतरला. एक हात गळ्यात, दुसऱ्या हातात भाकरीचं फडकं. भरमू दारात बसला होता. कोयता शेजारीच होता. आधी काढून ठेवायला सांगायला हवं होतं, ही माझी चूक.

मल्लू म्हणाला, "आण्णा, मी मारला." भरमूनं फडकं हिसकावून त्याच्या तोंडावर फेकलं, भाकरी मातीत गेली. मग त्याला गळपट्टीला धरून ओरडला, "नाव घे त्याचं!" मल्लू म्हणाला, "सायब." भरमूनं थोबाडीत दिली. "पुन्यांदा घे!" सात-आठ वेळा नाव, सात-आठ वेळा थोबाडीत. मल्लूचा ओठ फुटला, पण तो नाव घ्यायचा थांबला नाही. मी मधे पडायला निघालो होतो, तेवढ्यात भरमूचा हात खाली आला. दोघं तिथंच मातीत बसून रडले.

कोयत्याकडे भरमूनं पाहिलं नाही. थोड्या वेळानं रेखावहिनीनं तो उचलला आणि म्हशीला वैरण तोडायला गेली.